तोच रोबो, दुसरा रंग: रिपेंट आणि स्टोअर एक्सक्लुसिव्ह ट्रान्सफॉर्मर्सबद्दल नेहमीचे प्रश्न

फोंड्याला आमच्या घरी बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. पूर्वी त्यात बाबांचे भजनी स्पर्धांतले करंडक असत. आता करंडक वरच्या एका फळीवर गेलेत आणि खालच्या चार फळ्या ट्रान्सफॉर्मर्सनी, म्हणजे वळवले की गाडी किंवा विमान होणाऱ्या खेळण्यातल्या रोबोंनी, भरल्यात. घरी येणारा पाहुणा तिथे थांबतोच, आणि थांबला की तेच प्रश्न विचारतो. मडगाव, डिचोली, म्हापशाहून फोन करणारे नवे संग्राहकही फार वेगळं विचारत नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, निदान माझा चहा तरी गार व्हायचा नाही.

हे तर सगळे एकच दिसतात. चार-चार कशाला?

आमच्या आईचाही पहिला प्रश्न हाच होता. "परत तोच आणलास?" मी तिला चवथीच्या आधीची चित्रशाळा आठवायला सांगितली. एकाच साच्यातून काढलेले पंधरा गणपती ओळीने वाळत असतात. माती तीच, सोंड तशीच, हातातला मोदक तेवढाच. मग रंग चढतो. एकाचा पितांबर जांभळा होतो, दुसऱ्याचा पिवळा, तिसऱ्याच्या शेल्याला हिरवी किनार येते. त्यानंतर आपला गणपती कुठला हे दारातूनच ओळखता येतं, शेजाऱ्याचा चुकून उचलून आणला असं होत नाही.

ट्रान्सफॉर्मर्समध्ये हे पहिल्या वर्षापासून चाललंय. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९८४ साली अमेरिकेत ही खेळणी आणली, तेव्हाच एफ-१५ विमानाच्या एका साच्यातून तीन पात्रं काढली होती. करड्या अंगावर लाल-निळा रंग तो स्टारस्क्रीम, निळा तो थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा तो स्कायवार्प. स्टारस्क्रीमचा डोळा कायम सरदाराच्या गादीवर. स्कायवार्पला खोड्या काढायच्या आणि क्षणात इथून तिथे गायब व्हायचं. थंडरक्रॅकरला आपण भांडतोय ते बरोबर की चूक याचीच शंका. प्लास्टिकच्या आकारात यातलं काहीही नाही, सगळं रंगाने सांगितलंय. मला या छंदात धरून ठेवलं ते यानेच.

रिपेंट, रिडेको, रिटूल: फरक काय?

बोलताना आम्ही सगळ्याला रिपेंटच म्हणतो. खरं पाहता ब्रशने किंवा फवाऱ्याने मारलेला रंग त्यात थोडा असतो. मुख्य काम प्लास्टिकच्या रंगाचं असतं: त्याच साच्यात लाल दाण्यांऐवजी काळे दाणे ओतले की निम्मा रोबो तिथेच बदलतो. वर डोळे, पट्टे आणि छातीवरचं चिन्ह एवढं छापलं जातं. काटेकोर लोक याला रिडेको म्हणतात.

रिटूल म्हणजे साच्यालाच हात लावणं. नवीन डोकं, नवे पंख, नाहीतर पाठीवर एखादी तोफ. १९८५ चे रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज घ्या. अंग त्याच विमानाचं, पण पंख वेगळे आणि डोक्यावर शंकू. आयर्नहाइड आणि रॅचेट एकाच निस्सान व्हॅनचे, एक लाल, दुसरा पांढरी रुग्णवाहिका. प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन हे तिघे एकाच डॅटसन गाडीचे. त्यात प्राउल पोलिसांची गाडी, आणि तो रुबाब काळ्या-पांढऱ्या रंगाचाच.

१९८६ चा अल्ट्रा मॅग्नसही असाच निघाला. त्याच्या ट्रकचा पुढचा भाग सुटा करून वळवलात तर पांढरा ऑप्टिमस प्राइम, म्हणजे सज्जन रोबोंचा सरदार, उभा राहतो.

कंपनी नवीन खेळणं का बनवत नाही? हा आळस आहे का?

थोडा आहे. पण हिशेबही आहे. खेळण्यात सगळ्यात महाग असतो तो पोलादी साचा. रोबोची गाडी होणार, म्हणजे पन्नासएक तुकडे एकमेकांत नेमके बसले पाहिजेत, आणि तशी आखणी करून साचा कोरायला पैसा आणि महिने दोन्ही जातात. तो खर्च एका पात्रावर वसूल होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या रंगात काढलं की पडता खर्च उतरतो.

मुळात ट्रान्सफॉर्मर्सचा जन्मच उसन्या साच्यांवर झाला. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतले रोबो हॅस्ब्रोने घेतले, नवी नावं दिली, काहींचे रंग बदलले. ऑप्टिमस प्राइम त्याआधी डायक्लोनमध्ये होता आणि त्याचं नाव बॅटल कॉन्व्हॉय होतं. तेव्हा "मूळ" कुठला आणि "रिपेंट" कुठला या वादात फार खोल उतरू नका, तळ लागत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती कळली की रिपेंट बघायची नजरच बदलते. साच्याच्या एका चौकटीत रोबोचे दहा-बारा भाग एकत्र ओतले जातात. त्या चौकटीतल्या सगळ्या भागांना एकच प्लास्टिक मिळतं. म्हणजे मूठ, गुडघा आणि गाडीचा बंपर एकाच चौकटीत असले, तर मूठ पांढरी हवी असेल तेव्हा बंपरही पांढराच येणार, नाहीतर त्यावर रंग मारायचा खर्च करायचा. एखाद्या रिपेंटचा गुडघाच का पिवळा, असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा या चौकटीत असतं. चांगल्या रिपेंटमध्ये ही अडचणच शोभेची होते. वाईटात ती उघडी पडते.

स्टोअर एक्सक्लुसिव्ह म्हणजे नक्की काय?

एका दुकानाने, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मोठ्या साखळीने, ठरावीक रंगातला माल फक्त आपल्यासाठी काढून घेतलेला असतो. कंपनीला ठोक मागणी आधीच मिळते. दुकानाला समोरच्याकडे नसलेली वस्तू मिळते, आणि "शेजारी दहा डॉलर स्वस्त आहे" असं गिऱ्हाईक म्हणू शकत नाही. साचा आधीच असल्यामुळे रिपेंट यासाठी सोयीचं पडतं.

उदाहरणं द्यायची तर २०२० साली नेटफ्लिक्सवरच्या मालिकेबरोबर निघालेली खेळणी अमेरिकेत वॉलमार्टपुरती होती. साचे बरेचसे आधीचेच, वर युद्धात मळल्या-खरचटल्यासारखा रंग. २०२१ मध्ये बझवर्दी बंबलबी ही रांग टार्गेटकडे गेली आणि गोल्डन डिस्क संच ॲमेझॉनकडे. २०२२ ची वेलोसिट्रॉन स्पीडिया ५०० पुन्हा वॉलमार्टची. त्याआधी बरीच वर्षं टॉइज आर असचा दबदबा होता. त्याच विमानाच्या हिरव्या ॲसिड स्टॉर्मचं महागडं, संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस मालिकेतलं रूप तिथलंच. २०१८ मध्ये त्यांची अमेरिकेतली दुकानं बंद झाली आणि एक पर्व संपलं.

संमेलनांची एक्सक्लुसिव्ह खेळणी हा निराळा प्रांत. बॉटकॉन हे चाहत्यांचं संमेलन १९९४ मध्ये फोर्ट वेन इथे सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी तिथे संमेलनापुरतं एक रिपेंट निघालं. २००८ च्या बॉटकॉनला त्यांनी शॅटर्ड ग्लास आणलं, म्हणजे सज्जन आणि दुर्जन यांची अदलाबदल झालेलं जग. सगळं रंगांच्या जोरावर. जपानमध्ये ई-हॉबी या दुकानाने असे बरेच रिपेंट काढले. नारिंगी-पिवळा सनस्टॉर्म त्यांनीच आणला. कार्टूनमध्ये तो क्षणभर मागे दिसलेला, नावही नसलेला एक सैनिक होता. क्षणभर दिसलेल्या रंगाचं पुढे खेळणं होतं, त्याला नाव मिळतं, स्वभाव मिळतो, हे दुसऱ्या कुठल्या छंदात मी बघितलेलं नाही.

एक लक्षात ठेवा. "फक्त वॉलमार्टमध्ये" हे अमेरिकेपुरतं असतं. तोच बॉक्स सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या साध्या खेळण्यांच्या दुकानात उघड्यावर दिसू शकतो. डोळे मिटून अमेरिकेतल्या दलालाला तिप्पट पैसे देण्याआधी पूर्वेकडे चौकशी करा.

गोव्यात मिळतात का?

एक्सक्लुसिव्ह? नाही. पणजी-पर्वरीच्या मॉलमध्ये आणि मडगावच्या मोठ्या दुकानांत साधी, लहान मुलांसाठीची, तीन-चार वळणांत गाडी होणारी ट्रान्सफॉर्मर्स मिळतात. संग्राहकांना हवी तशी कधीतरी एखादी येते, आणि ती येते तेव्हा आमच्यातला कोणीतरी तिथे आधीच पोचलेला असतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र वेगळीच मजा असते. तिथे नकली मिळतात, आणि नकलीतही रिपेंट असतात! माझ्याकडे तिथून घेतलेला एक भगवा-हिरवा ऑप्टिमस आहे. या रंगात तो जगात कोणीही अधिकृतपणे काढलेला नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब आहे. दीडशे रुपये.

म्हणजे गोव्याचा या छंदाशी संबंधच नाही?

आहे, आणि तो आपल्याच लोकांना ठाऊक नसतो. फनस्कूल ही एमआरएफ समूहाची खेळण्यांची कंपनी, आणि तिचा कारखाना गोव्यात, जुन्या गोव्याजवळच्या खोर्ली औद्योगिक वसाहतीत. हॅस्ब्रोच्या परवान्याने फनस्कूलने भारतात जी. आय. जोचे सैनिक काढले. साचे अमेरिकेत वापरून झालेले, पण रंग इथले. अमेरिकेत गंभीर खाकी-हिरव्यात असलेला सैनिक इथे भडक पिवळा किंवा निळा होऊन बाहेर पडे. आम्ही ते अंगणात मातीत पुरून, फटाक्याने उडवून संपवले. आज परदेशातले संग्राहक तेच भारतीय रंग शोधत फिरतात आणि बंद पाकिटाला चांगली किंमत मोजतात. ट्रान्सफॉर्मर्स नव्हेत ते, पण "तोच साचा, दुसरा रंग" हा धंदा आपल्या दारात झाला आहे. तुमच्या माळ्यावर जुनी पत्र्याची पेटी असेल तर आधी ती उघडा, मग ॲमेझॉन.

मामा जहाजावर आहे. त्याला काय सांगू?

गोव्यातल्या संग्राहकाचं अर्धं कपाट तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, नातेवाईक भरतात. माझे मामा क्रूझवर होते. जहाज मायामीला लागलं की त्यांना काही तास मोकळे मिळत. पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं, "मामा, काळा ऑप्टिमस आणा, टार्गेटमध्ये असेल." मामांनी काळा बॅटमॅन आणला. त्यांचं काय चुकलं? काळा होता, टार्गेटमधला होता आणि छाती भरदार होती.

तेव्हापासूनचा माझा शिरस्ता: बॉक्सचा पुढून काढलेला फोटो पाठवायचा. बॉक्सवरचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाठवायचं. त्याच साच्याच्या साध्या रंगाचा फोटोही पाठवायचा आणि त्यावर लाल फुली मारायची. जास्तीत जास्त किती डॉलर द्यायचे तेही कळवायचं. मध्यम आकाराला, ज्याला डिलक्स म्हणतात, मध्यंतरी साधारण २५ डॉलर पडत. मामांना दुकानात उभं राहून आपल्याला फोन लावायची पाळी येता कामा नये, त्यांचे ते तास मोजके असतात, आणि खरं तर त्यांना त्या वेळात मामीसाठी काही घ्यायचं असतं.

सुटकेसमध्ये बॉक्स चेपतो. मामा मोज्यांचे गोळे करून खिडकीच्या प्लास्टिकभोवती ठासायचे. इतकं जपून आलेलं पार्सल मी दुसऱ्या कोणाकडून पाहिलेलं नाही, फक्त आतल्या रोबोला आठवडाभर साबणाचा वास येई. दाबोळी असो वा मोपा, विमानतळावर उतरणाऱ्याने सामानाची करमुक्त मर्यादा निघण्याआधी पाहून घ्यावी आणि बिल हाताशी ठेवावं. एकाच खेळण्याचे सहा नग बॅगेत असले, तर "भाच्यासाठी" हे कस्टमवाल्याला पटत नाही.

बाहेरून कुरिअरने मागवलं तर?

येतं, पण आधी कागदावर हिशेब करा. दुकानांसाठी येणाऱ्या खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. स्वतःपुरत्या पार्सलला वेगळा दर लागतो. त्यावर जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा आकार वेगळा. परदेशातून आलेली भेट म्हणून शुल्क माफ होण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली आहे, त्यामुळे "गिफ्ट लिहून पाठव" या सल्ल्यात आता काही राम नाही. मागवण्याआधी त्या दिवशीचे दर बघून घ्या.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्काही सक्तीचा आहे. बनवणाऱ्या कारखान्याने बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना घ्यायचा असतो. अमेरिकेतल्या एका दुकानासाठी काढलेल्या थोड्याशा मालासाठी इथे कोण एवढं करणार? एक्सक्लुसिव्ह माल आपल्या दुकानांत दिसत नाही त्याचं हेही एक कारण.

माझं एक पार्सल एकदा मुंबईत तीन आठवडे अडकलं. शेवटी आलं तेव्हा शुल्क खेळण्याच्या किमतीहून फार कमी नव्हतं. तेव्हापासून एकेक मागवत नाही. आम्ही चौघे मित्र मिळून यादी करतो आणि कोणी येणारा-जाणारा भेटेपर्यंत थांबतो.

नकली कसा ओळखायचा?

पहिल्यांदा मी फसलो तो स्कायवार्पमध्ये. फोटोत झकास होता. हातात घेतल्यावर आधी वजन खटकलं. मग पायाच्या तळव्याकडे पाहिलं: अस्सल रोबोवर कुठेतरी हॅस्ब्रो किंवा ताकाराच्या नावाची बारीक कोरीव ओळ असते, इथे ती जागा नुसती गुळगुळीत होती, कोणीतरी घासून काढल्यासारखी. पंखावरचं जांभळं चिन्ह कडेने फुटलेलं. स्क्रूची डोकी एका पायात चकचकीत, दुसऱ्यात काळी. खांदा फिरवला तर ना टकटक, ना अडकणं, मऊ लोण्यातून फिरल्यासारखा. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

जुन्या मालासाठी एक छान खूण आहे. १९८५ पासूनच्या खेळण्यांवर एक लहान चौकोनी चिन्ह असे. त्यावर बोट घासून ऊब दिली की आतला ऑटोबॉट (सज्जन) किंवा डिसेप्टिकॉन (दुर्जन) उमटतो. फोटोत ते कळत नाही, म्हणून विकणाऱ्याला बोट घासतानाचा व्हिडिओ मागा. पण तो उमटला नाही म्हणून खेळणं नकली ठरत नाही, चाळीस वर्षांत हा गुण मरतोही.

एक्सक्लुसिव्ह रंगांत धोका जास्त असतो. साचा सर्रास उपलब्ध असल्याने साध्या रोबोला घरी रंगवून दुर्मीळ म्हणून विकणारेही भेटतात. सांधा वाकवून आतलं प्लास्टिक बघा. बाहेर काळं आणि सांध्यात लाल दिसलं, तर काय समजायचं ते समजा.

बॉक्स फोडू की तसाच ठेवू?

फोडा. नुसतंच बघायचं असेल तर फोटो पुरतो. हे माझं मत आहे, आणि मडगावचा माझा एक मित्र याच मतावरून माझ्याशी गेली कित्येक वर्षं भांडतोय.

गोव्याच्या पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण अमेरिकेत बसून सल्ले देणाऱ्यांना जुलै म्हणजे काय ते माहीत नसतं. आमच्याकडे जुलैत चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, करंडकांची पितळ हिरवी पडते. पुठ्ठ्याचा बॉक्स तिथे कसा टिकणार? तो आधी मऊ होतो, मग खिडकीच्या कडेने लाटा येतात, मग पांढरे ठिपके. एकदा मी बॉक्स कपाटाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. भिंत बाहेरून भिजणारी. ऑगस्टमध्ये काढले तर तीन बॉक्स एकमेकांना चिकटलेले, सोडवताना एकाच्या पाठीवरची सगळी चित्रं दुसऱ्याच्या पोटावर गेली.

आता असं करतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. बॉक्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. जेल महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून सुकवायचं, पण पुडीतून काढून, पुडी जळते. जेल निळं असेल तर स्वयंपाकाचा तवा नको. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची परवानगी आधी घ्या, नंतर नको. स्टिकर सुटू लागले तर सुटलेली कड स्वच्छ करून काडीच्या टोकावर किंचित डिंक. बॅटरी असेल तर ती मे संपायच्या आत काढून ठेवा, खाऱ्या हवेत पत्र्या लवकर गंजतात.

ऊन हा दुसरा शत्रू. पांढरं आणि करडं प्लास्टिक उन्हाने, उष्णतेने पिवळं पडतं. अल्ट्रा मॅग्नस असेल तर त्याला खिडकीत उभा करू नका. पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उजेडाने काढता येतो, पण रंगीत भागांवर चट्टे पडायची भीती असते. मी एकदाच केलं, एका पायापुरतं. तो पाय आता दुसऱ्यापेक्षा गोरा आहे.

रबरी टायर आणि मऊ प्लास्टिक एकाच जागी महिनोन्‌महिने टेकलेले असले, तर त्यातला तेलकट भाग बाहेर येतो आणि कडक प्लास्टिकला खातो. म्हणून अधूनमधून हलवत राहा.

आणि सोनेरी प्लास्टिक! ज्यात चमकी फिरवलेली दिसते, तसं जुनं सोनेरी प्लास्टिक वर्षांगणिक आतून ठिसूळ होतं. बॉक्समध्ये बंद असलं तरी होतं, त्यात आपल्या हवेचा दोष नाही. जपानचा १९८८ चा ब्लॅक झारक, जो स्कॉर्पोनॉकचाच रंग बदललेला अवतार, यासाठी कुप्रसिद्ध आहे. असा जुना सोनेरी रोबो घेतला तर फिरवून बघायचा मोह आवरा. बिस्किटासारखा तुटतो.

सांधे सैल झालेत. काही उपाय?

रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. गोळ्याच्या सांध्याला उत्तम. जास्त वेळा वापरलेल्या साच्यातून निघालेले उशिराचे रिपेंट कधी कधी मुळातच सैल येतात, तेव्हा नवाच हलतोय म्हणून घाबरू नका.

रंबल लाल की निळा?

रंबल आणि फ्रेन्झी हे एकाच साच्याचे दोन रोबो. खेळण्यात रंबल लाल, फ्रेन्झी निळा. कार्टूनमध्ये बरोबर उलटं. यावर लोक चाळीस वर्षं भांडताहेत. भांडणात उतरायचंच असेल तर हेही जोडून द्या: १९८४ चा एरवी पिवळा असणारा बंबलबी लाल रंगातही मिळत असे आणि एरवी लाल असणारा क्लिफजंपर पिवळ्या.

काळा ऑप्टिमस एवढा प्रसिद्ध का?

लाल-निळा रंग म्हणजे ऑप्टिमस हे डोळ्यांत इतकं पक्कं बसलंय, की तोच चेहरा काळा दिसला की पोटात कसंतरी होतं. १९९५ चा लेझर ऑप्टिमस प्राइम, टँकर ओढणारा, त्याचा काळा अवतार जपानमध्ये २००० साली ब्लॅक कॉन्व्हॉय म्हणून आला आणि अमेरिकेत २००१ मध्ये स्कर्ज या नावाने. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक ऑप्टिमसचा काळा भाऊ निघतो, बहुधा नेमेसिस प्राइम नावाने आणि बहुधा कुठल्यातरी दुकानाचा किंवा संमेलनाचा एक्सक्लुसिव्ह म्हणून. २०२२ मध्ये लेझर ऑप्टिमसचा नवा साचा आला आणि वॉलमार्टने त्याच वर्षी त्याचा स्कर्ज आणला.

माझा नेमेसिस मामांनी दुसऱ्या खेपेला आणला. अंग पूर्ण काळं, कमरेखाली हिरवट निळा पट्टा, डोळे लाल. रात्री वीज गेली आणि कपाटावर मोबाईलच्या टॉर्चचा उजेड पडला, तर फक्त डोळे आणि तो पट्टा दिसतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकातला नरकासुर बघून लहानपणी वाटायचं तसं वाटतं.

स्वतः रंगवलं तर चालेल?

चालेल की. आमच्या वाड्यावर नरकासुराची तोंडं रंगवणारा एक मुलगा आहे, एअरब्रश त्याचाच. त्याच्याकडून शिकलो ते एवढं: आधी साबणाने धुवा, मग प्रायमर, मग पातळ थर, आणि सांध्याच्या आत रंग नको, तो घासून निघतो आणि सांधाही अडकवतो. पावसात रंगवू नका, थर धुरकट होतो. म्हापशाचा दीडशे रुपयांचा रोबो सरावाला आदर्श. आणि स्वतः रंगवलेला कधी विकलात, तर तसं सांगून विका.

पुढे किंमत वाढेल ना?

त्या भरवशावर घेऊ नका. कंपनीकडे साचा आहे, तिला वाटेल तेव्हा ती पुन्हा काढते. २०१८ मध्ये वॉलमार्टने १९८४ च्या काळातली खेळणी नव्याने आणली, तेव्हा ज्यांना कपाटात ठेवण्यापुरता जुना हवा होता त्यांची सोय झाली आणि भाव चढायची वाट पाहणाऱ्यांचे चेहरे उतरले. "एक्सक्लुसिव्ह" या चकतीचे पैसे देऊ नका. रंग आवडला तर घ्या. ती चकती बॉक्सवर असते, आणि बॉक्सचं आपल्याकडे जुलैत काय होतं ते वर सांगितलंच.

सुरुवात कुठून करू?

कुठल्याही एका साच्याचे दोन रंग. स्टारस्क्रीम आणि थंडरक्रॅकर घेतलेत तर उत्तम. शेजारी ठेवा आणि आठवडाभर बघा. तरीही "एकच आहेत" असं वाटलं तर हा छंद तुमचा नाही, पैसे वाचले.

घरच्यांना कसं पटवलं?

पटवलं नाही. गेल्या वर्षी कामानिमित्त मी मुंबईला होतो. चवथीच्या आधीची साफसफाई चालली होती आणि आईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी फुटलंय. "अरे, पुसताना ते विमान पडलं. पंख निघालाय, पण मोडला नाही, नुसता निघालाय."

मी विचारलं, "कुठलं विमान?"

"निळं. तो शंका घेणारा." मग जरा थांबून, "खोडकर बरा आहे. त्याला हातच लावला नाही."